ठरावाखालची सही: एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचं प्रकरण

हे प्रकरण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यातलं आहे. गाव, केंद्र आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. त्या काळात मी तालुक्यात लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचं, काम बघत होतो. त्यामुळे बऱ्याच गोष्टी डोळ्यांदेखत घडल्या, काही निर्णयांत माझाही हात होता, आणि एका ठिकाणी मी साफ चुकलो. ते ओघात येईलच.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं. वैद्यकीय अधिकाऱ्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सगळ्यांवर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे थेट राज्य शासनाच्या आरोग्य खात्याकडे. केंद्रातून रुग्ण रुग्णालयात पाठवला की तो एका साहेबाच्या हद्दीतून दुसऱ्या साहेबाच्या हद्दीत जातो. वाद झाला तर दोघांनाही ऐकावं लागेल असा माणूस तालुक्यात कुणीच नसतो.

डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, सपाटीवर ३० हजारांमागे एक, असा निकष आहे. आमचं केंद्र डोंगरी निकषातलं. सहा खाटा, मंजूर दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी एक पद रिकामं, घाट उतरून ग्रामीण रुग्णालय गाठायला पावसाळ्यात दोन तास.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि केंद्राकेंद्रात रुग्ण कल्याण समित्या झाल्या. मूळ कल्पना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातली, १९९० च्या दशकातली. तिथे जिल्हाधिकारी स्वतः पुढे होते, त्यामुळे सही कुणाची हा प्रश्नच आला नसावा. आमच्या केंद्रात त्या भागातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य अध्यक्ष आणि वैद्यकीय अधिकारी सदस्य सचिव. सरपंच, पंचायत समिती सदस्य, शाळेचे मुख्याध्यापक, एका संस्थेचा प्रतिनिधी (म्हणजे मी) असे बाकीचे. हातात वर्षाला १ लाख ७५ हजारांचा अबंधित निधी. अबंधित म्हणजे वरून कुणी ‘यावरच खर्च करा’ असं न सांगितलेला, स्थानिक गरजेप्रमाणे वापरायचा.

या निधीचा मार्ग मधल्या काळात बदलला होता आणि पुढची अर्धी गंमत त्यातूनच झाली. पूर्वी पैसा समितीच्या बँक खात्यात यायचा, दोघांच्या सहीनं धनादेश निघायचा, उरलेले पैसे पुढच्या वर्षी कामाला यायचे. १ जुलै २०२१ पासून केंद्र सरकार पुरस्कृत प्रत्येक योजनेचा पैसा राज्यात एकाच खात्यात ठेवायची पद्धत आली. आमच्या आरोग्य केंद्राच्या खात्यात शिल्लक शून्य, दिसते ती फक्त खर्चाची मर्यादा. कार्यालयीन भाषेत ‘लिमिट’. ३१ मार्चला लिमिट संपते. गावात मात्र लोक अजून म्हणत, ‘समितीच्या खात्यावर लाखानं पैसे पडून आहेत.’ पैसे पडून राहण्याची सोयच संपली होती.

दुसरा बदल मार्च २०२२ चा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. प्रशासक म्हणजे सीईओच. जिल्हा परिषद सदस्य कुणी उरला नाही, म्हणजे आमच्या समितीला अध्यक्षही उरला नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्यावर कुणी पत्रही लिहिलं नाही.

अडचण

जून २०२३ मध्ये नव्या डॉक्टर मॅडम रुजू झाल्या. बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर सरकारी सेवा देण्याच्या करारावर, एक वर्षासाठी. वर्षात जाणार हे शिपायापासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कूपनलिकेची मोटर जळलेली, गच्चीवरच्या टाकीला तडा गेलेला. लेबर रूमच्या नळाला पाणी नाही. ऑगस्टमधली एक रात्र मला सिस्टरनी नंतर सांगितली. वीज गेलेली, पाऊस कोसळतोय, बाई टेबलावर, आशाताई मोबाइलचा उजेड धरून उभ्या. बाईचा दीर अंगणातल्या हातपंपावर आणि नवरा बादल्या वाहतोय. बाळ सुखरूप झालं. पण सहावी बादली आत येईपर्यंत सिस्टर हात धुवायच्या थांबल्या होत्या, कोपरं वर धरून, कुठे हात लागू नये म्हणून.

त्यानंतर मॅडमनी रात्रीची बाळंतपणं केंद्रात घ्यायची नाहीत असं ठरवलं. १०२ ची गाडी बोलवायची आणि घाट उतरायचा. ग्रामीण रुग्णालयातून फोन येऊ लागले, ‘नॉर्मल केस आमच्याकडे कशाला पाठवता?’ सप्टेंबरात एक बाई घाटात, गाडीतच बाळंत झाली. मग बायका संध्याकाळी कळा सुरू झाल्या तरी केंद्रात येईनाशा झाल्या. कुणी माहेरी जायची, कुणी थेट शहरातल्या खासगी दवाखान्यात, काही घरीच.

मॅडमनी क्लार्कना विचारलं, ‘भाऊसाहेब, समितीची शेवटची बैठक कधी झाली?’ त्यांनी इतिवृत्ताचं रजिस्टर पुढे ठेवलं. फेब्रुवारी २०२२. त्याआधीच्या चार बैठकांची इतिवृत्तं मी नंतर वाचली. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’पासून ‘आभार मानून सभा संपली’पर्यंत शब्द न् शब्द सारखा, फक्त तारखा बदललेल्या. सह्या मात्र खऱ्या होत्या. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा. माझीही एक सही त्यात होती. ती मी कुठे उभा राहून केली ते मला आठवतं. एसटी स्टँडवर, रजिस्टर स्कूटरच्या सीटवर ठेवून.

त्यातच १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य संस्थांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या, केसपेपरचे पैसेही बंद. निर्णय रुग्णांच्या भल्याचाच होता. पण त्या सुट्या पैशांतून बल्ब, फिनेल, नळाचे वायसर येत असत, आणि ती वाटही आटली. आता जे काही होणार ते अबंधित निधीतूनच.

समोरचे पर्याय

तांत्रिकदृष्ट्या पैसे काढायला अध्यक्षांची सही लागतच नव्हती. नव्या ऑनलाइन पद्धतीत क्लार्क बिल भरतो आणि वैद्यकीय अधिकारी मंजूर करतो. दोघांची लॉगिन वेगवेगळी. (दोन्ही पासवर्ड क्लार्कच्या डायरीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहिलेले होते. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात स्वतःचा बदलला. यावरून महिनाभर अबोला होता.) पण मोटर किंवा टाकीसारख्या खर्चाला समितीचा ठराव हवा, आणि ठरावाखाली अध्यक्षांची सही हवी. नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पगारातून लागू शकते. वर्षभरासाठी आलेल्या मुलीनं हा धोका का पत्करावा?

क्लार्कनी सुचवलेला मार्ग सर्वात सोपा होता. ‘माजी सदस्यांकडे मी स्वतः जातो. मागच्या तारखेनं ठराव लिहू, ते सहीला नाही म्हणणार नाहीत.’ भाऊसाहेब वाईट माणूस नव्हे. त्यांच्या नोकरीत कामं अशीच झाली होती आणि या वाटेनं गेलो असतो तर आठ दिवसांत मोटर बसली असती हेही खरं. मॅडम नाही म्हणाल्या. ‘पाणी येईल हो, पण पुढच्या वेळी मागच्या तारखेनं काय काय येईल?’

मी ग्रामपंचायतीकडे बोट दाखवलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा राज्यात ग्रामपंचायतींना मिळत होता, त्यातून पाण्याचं काम व्हायला हरकत नव्हती. सरपंचताईंनी आराखडाच पुढे ठेवला. त्या वर्षाचा आराखडा मंजूर होऊन कामं वाटली गेली होती. बदल करायचा तर पुन्हा ग्रामसभा, पुन्हा ऑनलाइन नोंद. ‘पुढच्या वर्षी नक्की घेऊ,’ म्हणाल्या. शिवाय केंद्राला जोडलेली गावं चौदा आणि खर्च एकाच ग्रामपंचायतीनं का करायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मुंबईत स्थायिक झालेले गावातलेच एक गृहस्थ वडिलांच्या नावानं टाकी द्यायला तयार होते. फक्त नावाची पाटी लेबर रूमच्या दारावर हवी होती. तो विषय तिथेच थांबला.

उरला सरळ मार्ग: प्रशासकांना पत्र लिहायचं आणि जिल्हा परिषद सदस्य नसताना अध्यक्ष कोण, हे लेखी मागायचं. सगळ्यांत लांबचा आणि कुणाचंही नाव खराब न करणारा. मॅडमनी तो निवडला.

इथे आमच्या संस्थेत वेगळाच वाद होता. लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हापासून जनसुनवाई हे आमचं मुख्य हत्यार. लोकांनी सर्वांसमोर बोलायचं आणि अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तर द्यायचं. घाटातल्या बाळंतपणाचं प्रकरण घेऊन जनसुनवाई लावावी असं आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी महिन्याची मुदत मागितली. ‘जनसुनवाईत समोर कोण बसेल? मीच ना? आणि उत्तर माझ्याकडे नाहीये.’ आम्ही थांबलो.

काय केलं

पत्र ऑगस्टअखेर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलं, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्याला एका टेबलावर बसलं. स्मरणपत्र गेलं, तेही बसलं. सरपंचताईंनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला. ठराव चार ओळींचा होता: केंद्रात पाणी नाही, रात्री बाळंतपण होत नाही, समितीला अध्यक्ष नाही, प्रशासकांनी नेमावा. शेजारच्या आणखी पाच ग्रामपंचायतींनी तोच ठराव केला. सहा ठरावांच्या प्रती जोडून पत्र पुन्हा पाठवलं तेव्हा ते हललं. नोव्हेंबरअखेर उत्तर आलं की निवडणुका होईपर्यंत गटविकास अधिकाऱ्यांनी अध्यक्ष म्हणून काम पाहावं.

पहिली बैठक डिसेंबरात ठरली आणि रद्द झाली, दुसरीला सदस्यच पुरेसे आले नाहीत. खरी बैठक झाली १४ फेब्रुवारी २०२४ ला, केंद्राच्या व्हरांड्यात. तोवर त्या वर्षाच्या लिमिटमधले २१ हजार किरकोळ खर्चात गेले होते. उरले १ लाख ५४ हजार.

मॅडमनी तीन कामं मांडली: मोटर, टाकी आणि नळजोड मिळून ६२ हजार, लेबर रूमसाठी इन्व्हर्टर अंदाजे ४३ हजार, उरलेल्यात औषधांचं कपाट वगैरे. सरपंचताईंनी चौथं काम काढलं: आवाराला फाटक आणि मागच्या बाजूचं तुटकं कुंपण, ४७ हजार. मी लगेच विरोध केला. माझा हिशेब सरळ होता. फाटक रस्त्यावरून दिसतं, इन्व्हर्टर दिसत नाही. पुढाऱ्यांना दिसणारं काम हवं असतं. तसं मी जवळजवळ याच शब्दांत बोललोही.

सिस्टर समितीच्या सदस्य नव्हत्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. सरपंचताईंनी त्यांच्याकडे बघून विचारलं, ‘सांगा की सिस्टर तुम्हीच.’ त्या जराशा घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘रात्री मागून दारुडे येतात साहेब. क्वार्टरची कडी वाजवतात. मी बऱ्याच महिन्यांपासून मुक्कामी नाही, सात वाजता खाली बहिणीकडे जाते. मॅडमना माहीत आहे.’

मॅडमना माहीत होतं. त्यांनी ते झाकून ठेवलं होतं, कारण मुख्यालयी न राहणं म्हणजे सिस्टरवर नोटीस. म्हणजे रात्रीची बाळंतपणं बंद होण्याची दोन कारणं होती. कागदावर फक्त पाण्याचं आलं होतं.

गटविकास अधिकाऱ्यांना पुढे दुसरी बैठक होती. पाणी आणि फाटक एकमतानं मंजूर झालं. इन्व्हर्टरला एकच कोटेशन होतं, आणि क्लार्क म्हणाले, ‘मार्चअखेरीला काही तरी हाताशी ठेवावं लागतं साहेब.’ पंचेचाळीस हजार हाताशी राहिले, इन्व्हर्टर ‘पुढील सभेत’ गेला. इतिवृत्त मॅडमनी तिथेच बसून हातानं लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग सह्या झाल्या. रजिस्टर घरोघर फिरलं नाही.

काय झालं

मोटर आणि टाकीची ऑर्डर मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाली. पुरवठादाराची ऑनलाइन नोंदणी, बँक तपशील पडताळणी, बिल परत येणं, पुन्हा जाणं, हे सगळं होऊन २८ मार्चला पैसे गेले. फाटकाचंही जेमतेम बसलं. इन्व्हर्टरची उरलेली दोन कोटेशनं १८ मार्चला हातात आली. पण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती. नवी बैठक नाही, नवी ऑर्डर नाही. ३१ मार्चला ४५ हजारांची लिमिट गेली. हाताशी ठेवलेलं हातचं गेलं.

एप्रिलपासून सिस्टर पुन्हा क्वार्टरमध्ये राहू लागल्या. पहिलं रात्रीचं बाळंतपण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, चार्जिंगच्या दिव्यावर. पूर्वी महिन्याला एखादं होत असे, ते पावसाळ्यापर्यंत आठवड्याला एक तरी होऊ लागलं. आयपीएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थांसाठीच्या राष्ट्रीय मानकांच्या, २०१२ च्या निकषांत महिन्याला वीसपेक्षा कमी बाळंतपणं असलेलं केंद्र ‘अ’ प्रकारात मोडत असे. त्या मापानं आमचं अजूनही त्यातच आहे आणि राहील, कारण घाटमाथ्यावर तेवढ्या बायकाच नाहीत. जोखमीच्या केसेस खाली जातातच, जायलाच हव्यात.

जून २०२४ मध्ये मॅडमची मुदत संपली. इन्व्हर्टर नव्या वर्षाच्या लिमिटमधून ऑगस्टमध्ये बसला. त्यांनी तो पाहिला नाही. नवे डॉक्टर आले, त्यांनी बैठक घेतली. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुढची बैठक पुन्हा लांबली.

वेगळं काय करता आलं असतं

सरळ मार्ग निवडला हे मला आजही बरोबर वाटतं. पण तो सरळ म्हणून एकेरी असायला नको होता. पत्र आणि ग्रामसभांचे ठराव ऑगस्टमध्ये एकदमच गेले असते तर बैठक बहुधा ऑक्टोबरात झाली असती, आणि मग आचारसंहिता, मार्चअखेर, कशाचाच अडथळा आला नसता. खालून ठराव आल्याशिवाय वरचं टेबल हलत नाही हे मला पंधरा वर्षांच्या कामानंतर नव्यानं कळायला नको होतं. मॅडमना कळायचं काही कारणच नव्हतं.

जनसुनवाई न लावण्याबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत. लावली असती तर अध्यक्षाचा प्रश्न कदाचित लवकर सुटला असता. पण सिस्टर मुख्यालयी राहत नाहीत हे लोकांना ठाऊक होतं, आणि भर मांडवात कुणी तरी ते बोललं असतं. त्यांच्यावर नोटीस निघाली असती, दारुड्यांचा विषय आलाच नसता. मला थांबणं पटतं, माझ्या सहकारी ताईंना अजिबात पटत नाही.

इन्व्हर्टर त्याच बैठकीत ‘तीन कोटेशन मिळाल्यावर सर्वात कमी दराची ऑर्डर द्यावी’ असा सशर्त ठराव करून मार्गी लावता आला असता. एक ओळ पुरली असती. १८ मार्चला ती ओळ उपयोगी पडली असती का, हा वेगळा प्रश्न, पण निदान कोटेशनं दहा दिवस आधी मागितली गेली असती. हातात ठेवायची ही जुनी सवय धनादेशाच्या काळात शहाणपणाची होती. लिमिटच्या काळात तीच सवय पैसे परत पाठवते. क्लार्कना हे कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. त्यांना पोर्टल चालवायचं प्रशिक्षण मिळालं होतं, बिल कसं भरायचं याचं.

आणि माझी चूक. मी सहा महिने या केंद्राच्या रात्रीच्या बाळंतपणांवर बोलत होतो, पत्रांचे मसुदे लिहीत होतो, आणि रात्री तिथे जिला राहायचं होतं तिला एकदाही बसवून विचारलं नव्हतं. सरपंचताई शेजारच्या आळीत राहतात, कडी वाजल्याचं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्या मागणीत राजकारण शोधत बसलो.

नव्या डॉक्टरांनी पहिल्या बैठकीत एक बदल केला. सिस्टर आणि एक आशाताई आता निमंत्रित म्हणून खुर्चीवर बसतात, आणि इतिवृत्तात उपस्थितांच्या यादीत त्यांची नावं येतात. चहा शिपाई आणतो.